रुमाल टाकलेली जागा

सातारच्या एसटी स्टँडवर माणूस कशावरूनही भांडेल. खिडकीवरून भांडेल, पिशवीवरून भांडेल, कोंबडीची पाटी कुणाच्या पायाशी ठेवायची यावरून गाव गोळा करील. पण सीटवर रुमाल पडलेला दिसला की गडी गप्प. ज्याचा रुमाल त्याची जागा. विजेवरच्या एसट्या आल्या, दारं आपोआप उघडायला लागली, मोबाइलवरून जागा राखायची सोय झाली, तरी खिडकीतून हात घालून रुमाल टाकायचं काही लोकांनी सोडलं नाही.

वारुंजीकरांचं पेढ्यांचं दुकान त्या स्टँडच्या मागच्या बोळात. पाटीवर नाव बाळासाहेब वारुंजीकरांचं. पण बाळासाहेब काउंटरवर बसून सगळ्या जिल्ह्याच्या राजकारणाचा निकाल लावत, आणि दुकान चालवत त्या त्यांच्या पत्नी मालावहिनी. मागच्या भट्टीवर धैर्यशील पिसाळ. त्याच्या हातचा कंदी पेढा म्हणजे खव्याला तांबूस रंग येईपर्यंत भाजलेला, दाण्यादाण्याचा, तोंडात टाकला की माणूस बोलायचं विसरावा असा.

धैर्यशीलच्या गावात प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी फौजेत. याची उंची भरतीला जरा कमी पडली. मग पठ्ठ्या प्रादेशिक सेनेत शिरला. म्हणजे अर्धवेळ सैनिक. वर्षातले काही दिवस वर्दी, बाकीचे दिवस आपली नोकरी किंवा धंदा. दरवर्षी महिनाभर तो ट्रेनिंगला जाई, आणि त्या महिन्यात मालावहिनी स्वतः कढईपुढं उभ्या राहून घामाघूम होत आणि त्याच्या नावानं खडे फोडत.

त्या वर्षी मात्र वेगळंच झालं. वहिनी वेलदोडे सोलत बसल्या होत्या. धैर्यशील येऊन नुसताच उभा राहिला.

"काय रे? बोल की. तोंडात तंबाखू आहे का?"

"नाही, वहिनी. यंदा वर्षभर बोलावलंय. वर, बर्फात."

वहिनींच्या हातातली सालं खाली पडली. "वर्षभर? आणि दिवाळी आली तोंडावर! तुझ्या त्या देशाला माझीच कढई दिसली काय रे?"

"देश तुमचापण आहे की, वहिनी."

"मला शिकवू नकोस! जा, खवा लागतोय बघ खाली."

खवा लागत नव्हता. वहिनींना डोळे पुसायचे होते, एवढंच.

आता इथं सरकारी भाग थोडा सांगायला हवा, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. अशा सैनिकाची नोकरी मालकानं राखून ठेवायची, असा कायदा होता. पण जागा राखली तरी काम कोण करणार? मोठ्या कारखान्याला एक माणूस गेल्यानं काही फरक पडत नाही. चार माणसांच्या दुकानातून एक गेला की दुकानच लंगडं होतं. त्यात बोलावणं महिन्याचं होतं ते वर्षाचं झालं. मग छोटे मालक हुशार झाले. मुलाखतीला आलेला मुलगा 'प्रादेशिक सेनेत आहे' म्हणाला की ते गोड हसून 'कळवतो' म्हणत आणि कधीच कळवत नसत. यावर उपाय म्हणून 'राखीव रोजगार कक्ष' निघाला, आणि त्या कक्षानं यंत्र आणलं.

यंत्र म्हणजे एका खांबावर बसवलेले दोन हात आणि वर एक डोळा. त्यामागचं शास्त्र मात्र मोठं मजेचं. आपण हात हलवायचं ठरवलं, की हात हलण्याच्या आधी दंडातल्या स्नायूंमध्ये विजेची एक बारीक लहर उठते. ती टिपायला धैर्यशीलला केसासारख्या तारांची एक बाही चढवली. बोटांच्या टोकांना कांद्याच्या पापुद्र्याएवढ्या पातळ टोप्या बसवल्या. खवा किती गरम, किती चिकट, दाणा किती सुटलाय, हे त्या मोजत. कढईवरचा डोळा रंग बघे, आणि एक कान आजूबाजूचं बोलणं ऐके. हे सगळं एकत्र गुंफून यंत्र शिकायचं ते एवढंच: असं दिसलं, बोटाला असं लागलं, कानावर असं पडलं, की हा माणूस पुढं काय करतो. खवा म्हणजे काय, पेढा कशाशी खातात, हे त्याच्या गावीही नव्हतं. आईजवळ बसलेली पोर भाकरी थापायला शिकते आणि मधूनच कपाळावरची बट मागं सारायलाही शिकते, तसलाच प्रकार.

"म्हणून सांगते," कक्षाच्या गायकवाड मॅडम धैर्यशीलला म्हणाल्या, "तुम्ही जे जे करता ते ते हे शिकणार. शिकवणीचा दीड महिना वाईट सवयी लांब ठेवा."

धैर्यशीलनं दीड महिना भट्टीवर तंबाखू मळली नाही. उद्या यंत्रानं गिऱ्हाइकासमोर चुना लावायला घेतला तर काय घ्या! तरी एखाददुसऱ्या वेळी त्याचा तोल गेला असणार. कारण पुढं हे यंत्र अधूनमधून उजव्या अंगठ्यानं डावा तळवा हळूच चोळायचं. बाळासाहेब मग ओरडायचे, "अगं, याची तलफ आली बघ!"

यंत्राबद्दल एक कडक नियम होता. माणूस परत येऊन कामावर रुजू झाला, की त्याच दिवशी यंत्रातला त्याचा हात पुसून टाकायचा. नाहीतर मालक लोक माणसाला म्हणतील, तू जा आता, आम्हाला तुझा हात मिळालाय. पण त्यालाही एक पळवाट होती, जखमी सैनिकाच्या भल्यासाठी म्हणून ठेवलेली. माणूस काम करण्याजोगा राहिला नाही, तर त्याला घरबसल्या पेन्शन मिळे, मालक मोकळा होई, आणि ते यंत्र हातासकट कायमचं दुकानाला मिळे.

हा नियम वाचून दाखवला तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. निघायच्या दिवशी वहिनी पेढ्यांचा डबा घेऊन स्टँडवर गेल्या. धैर्यशीलची बायको अश्विनी पोराला कडेवर घेऊन उभी होती. गाडी हलायला लागली तसा धैर्यशील खिडकीतून ओरडला, "वहिनी, रुमाल टाकून चाललोय! जागा धरा!"

तेव्हापासून त्या यंत्राचं नाव रुमाल पडलं.

रुमाल कामाला वाघ होता. न थकता कढई ओढायचा, आणि पेढा असा की रोजचं गिऱ्हाईकसुद्धा 'धैर्यशील परत आला काय?' म्हणून आत डोकवायचं. आणि त्याची एक गंमत. घाणा होत आला की तो उलथन्याच्या टोकावर चिमूटभर गरम खवा घ्यायचा आणि हात लांब करून थांबायचा. वहिनींच्या दिशेनं.

ही धैर्यशीलची रीत. पहिल्या दिवसापासूनची. घाणा उतरवण्याआधी तो उलथनं पुढं करायचा, "वहिनी, बघा." वहिनी खवा जिभेवर ठेवायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "अजून दोन हात मार." तो दोनदा परतायचा आणि कढई उतरवायचा. इतक्या वर्षांत वहिनी पहिल्या फटक्यात 'झालं' म्हणाल्या, असं एकदाही घडलं नव्हतं. बोलूनचालून मालकीण ती. कारागिरानं दाखवलं आणि आपण लगेच मान डोलावली, तर मालकपण राहिलं कुठं? वहिनींचा स्वतःबद्दल असा समज होता की आपली जीभ आहे म्हणून दुकान आहे.

रुमालही हात पुढं करायचा, वहिनी म्हणायच्या, "अजून दोन हात मार," तो दोनदा परतायचा आणि उतरवायचा. वहिनी खूश. पुढं पुढं तर त्या त्याच्याशी बोलायलाही लागल्या. "थंडी आहे बघ आज. तिकडं तुझा तो धैर्या काय करत असेल, देव जाणे. मोजे घातले असतील का मेल्यानं?" रुमाल आपला खवा परतत राही.

मग कराडला वहिनींच्या भाचीचा साखरपुडा निघाला. वहिनी सकाळी गेल्या, दुपारी परतल्या. बोळाच्या तोंडाशीच जळका वास आला. पळत आत शिरतात तो भट्टीवर धूर, कढईत कोळसा, रुमाल हात लांब करून शांत उभा, आणि बाळासाहेब वर्तमानपत्रानं वारा घालतायत.

"अहो, हे काय!"

"मला काय विचारतेस? त्याला विचार! हात पुढं करून उभा राहिला तो उभाच!"

"मग तुम्ही चाखून सांगायचं होतं ना!"

"चाखलं की! दोन हात मार म्हटलं, दहा हात मार म्हटलं, तुझ्या पाया पडतो म्हटलं. माझं ऐकतंय कोण? घरात तेच, दुकानात तेच!"

वहिनींना हसावं का रडावं कळेना. दुसऱ्या दिवशी गायकवाड मॅडम आल्या. त्यांनी यंत्राला आपला पडदा जोडला, धैर्यशीलच्या हाताच्या हालचाली पुढं-मागं करून पाहिल्या, आणि त्यांच्या ओठांवर हसू आलं.

"बिघाड काही नाही, वहिनी. तुमचा आवाज कानावर आल्याशिवाय कढई उतरवायची नाही, असंच हे शिकलंय. पिसाळांनी कधी तुमच्याशिवाय उतरवलीच नसणार. तुम्ही गावाला गेलात की ते काय करायचे?"

वहिनी आठवायला लागल्या. "मी गावाला जायचे तेव्हा... तो म्हणायचा, आज भट्टी धुऊन घेतो."

"बघा! हवं तर ही पायरी मी काढून टाकते. मग तुम्ही असा, नसा. काही अडायचं नाही."

"पण मी सांगितल्याशिवाय खवा नेमका कसा उतरेल? अजून दोन हात कोण सांगणार?"

गायकवाड मॅडम जरा घुटमळल्या. बाई सरळ होती. खोटं बोलता येईना. "वहिनी, रागावू नका. इथं स्पष्ट दिसतंय. खवा पुरा व्हायला दोन हात बाकी असतात, तेव्हाच पिसाळ तुम्हाला दाखवतात. प्रत्येक घाण्याला. एकदासुद्धा चूक नाही. तुम्ही काय म्हणणार हे त्यांना आधीच माहीत असतं."

वहिनी बघतच राहिल्या. मग एकदम कानापर्यंत लाल झाल्या. इतकी वर्षं! इतकी वर्षं हा लबाड दोन हात राखून दाखवत होता, आणि आपण डोळे मिटून न्यायाधीशासारखा निकाल देत होतो! काउंटरवर बाळासाहेब खो खो हसत सुटले. वहिनींनी त्यांच्याकडं असं काही बघितलं की हसू जागच्या जागी जिरलं.

"काढू का मग ती पायरी?" मॅडमनी विचारलं.

वहिनी पदरानं डोळे पुसत हसत होत्या. "नको. राहू दे. त्यानं माझा मान राखला, तो काय मी यंत्राकडून काढून घेऊ? मी गावाला गेले तर भट्टी बंद."

त्या रविवारी धैर्यशीलचा फोन आला. आवाज तुटत होता. वहिनींच्या ओठांवर आलं होतं, 'लबाडा, कळलं बरं मला.' पण त्यांनी ते मागं सारलं. तोंडावर सांगू, म्हटलं, परत आला की. त्याचं तोंड बघण्यासारखं होईल.

तो परत आला तेव्हा मात्र थट्टा करायची सोयच राहिली नव्हती.

वरच्या चौकीवर बर्फाचा कडा कोसळला. जोडीदार गाडला गेला. धैर्यशीलनं हातांनी उकरून त्याला बाहेर काढला. उकरताना हातमोजे कधी गेले, ते त्याला कळलंच नाही. जोडीदार वाचला. याच्या उजव्या हाताची दोन बोटं पेरापासून काढावी लागली, आणि दोन्ही हातांच्या उरलेल्या बोटांच्या टोकांतली जाणीव गेली. मूठ वळत होती, उलथनं धरता येत होतं. पण गरम-गार, चिकट-मोकळं, काही म्हणजे काही कळत नव्हतं.

दवाखान्यातून सुटून तो पहिल्यांदा दुकानात आला, तो गिऱ्हाइकासारखा फळीच्या बाहेर उभा राहिला. वहिनींनी ओढून आत आणला. आत रुमाल घाणा भाजत होता. धैर्यशील बघत राहिला. कढईच्या कडेनं उलथनं फिरवायची ती लकब, मनगटाला दिलेला तो हलका झोल, सगळं त्याचंच. मग रुमालानं दोन बोटांत खवा धरून दाणा तपासला. धैर्यशीलनं आपले दोन्ही हात जाकिटाच्या खिशात घातले.

"तोच राहू दे, वहिनी," तो हळूच म्हणाला. "तो मीच आहे. चांगला असतानाचा."

"काय बोलतोस तू?"

"खरं तेच बोलतोय. पुढच्या आठवड्यात मॅडम परीक्षा घेणार. मला जमायचं नाही. घरबसल्या मिळेल थोडंफार. तुम्हाला यंत्र मिळेल. मी कशाला मधे?"

बाळासाहेब माणूस वाईट नव्हता, पण तोंडाला कुलूप नव्हतं. "धैर्यशील म्हणतो त्यातही अर्थ आहे गं. तो घरी आराम करील, आपल्याला त्याचा हात राहील. त्याचंही भलं, आपलंही..."

वहिनींनी वेलदोड्याचं पातेलं फरशीवर असं आदळलं की बाळासाहेबांचं वाक्य तिथंच संपलं.

"एसटीत रुमाल टाकता ना तुम्ही? कशाला टाकता?"

बाळासाहेब सांडलेले वेलदोडे गोळा करायला वाकले.

"जागा धरायला! मग माणूस गाडीत चढला, की रुमाल जातो खिशात. माणूस लंगडत चढला म्हणून रुमालाला कुणी बसवून ठेवून माणसाला उभा करतं का? वर्षभर मी तुझी जागा धरली रे, धैर्या. या यंत्रासाठी नाही धरली!" बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला. "घरी बसून काय करशील? त्या बोटांकडं बघत बसशील दिवसभर. मला माहीत नाही का तू? आणि मी इथं कुणाशी बोलू? हा नुसता तळवा चोळतो!"

धैर्यशील रडत रडत हसला. पण जाताना म्हणाला, "तुमची माया समजते, वहिनी. पण मायेनं दाणा कळत नाही."

ते मात्र खरंच होतं. म्हणूनच वहिनींना आठवडाभर अन्न गोड लागलं नाही. रंगावरून अंदाज येतो. पण दूध रोज वेगळं. कुणाची म्हैस वैरण खाते, कुणाची पेंड. खव्याचा रंग बदलतो आणि माणूस फसतो. खरा निवाडा बोटांचा. तो गेला होता.

परीक्षेच्या दिवशी गायकवाड मॅडम सकाळीच आल्या. अश्विनी दाराशी उभी होती, हात जोडून, ओठ हलत होते. रुमाल बंद करून बाजूला सरकवला. धैर्यशीलनं हात धुतले, तीन बोटांच्या मुठीत उलथनं धरलं, आणि खवा कढईत सोडला.

सुरुवातीला हात अडखळला. मग अंगातली जुनी सवय जागी झाली आणि उलथनं फिरायला लागलं. खवा वितळला, आटला, तुपाची कड सुटली. रंग बदामी झाला, त्याच्या पुढं गेला. धैर्यशीलनं दोन बोटांत चिमूट घेतली, चोळली. पुन्हा चोळली. त्याच्या कपाळावर घाम आला. बोटं त्याला काहीच सांगत नव्हती.

अश्विनीनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

धैर्यशीलनं एकदा डोळे मिटले. मग इतकी वर्षं जे करत आला तेच त्यानं केलं. उलथन्याच्या टोकावर खवा घेतला आणि हात लांब केला.

"वहिनी, बघा."

वहिनींनी खवा जिभेवर ठेवला. डोळे मिटले.

खवा झाला होता. नेमका. दाणा सुटलेला, वास भरलेला. अजून दोन हात पडले असते तर कडवटपणा आला असता. आजवर तो दोन हात राखून दाखवत आला. आज त्याला राखता येण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आणि सवयीनं वहिनींच्या ओठांवर शब्द येऊनही बसले होते. अजून दो...

त्यांनी ते शब्द खव्याबरोबर गिळले.

"झालं!" त्या ओरडल्या. "झालं, धैर्या! उतरव, उतरव लवकर!"

धैर्यशील नुसता बघत राहिला.

"अरे बघतोस काय! जळेल!"

त्यानं कढई खाली ओढली. बाळासाहेबांनीही एका बाजूनं धरली. साखर पडली, वेलदोडा पडला, पेढे वळले गेले. वळताना धैर्यशीलच्या हातचा पेढा जरा वेडावाकडा झाला. मॅडमनी एक उचलला, तोंडात टाकला. आणि त्या बोलायचंच विसरल्या.

शेवटी धैर्यशीलच म्हणाला, "मॅडम, खरं सांगतो. मला कळलं नव्हतं. वहिनींनी सांगितलं म्हणून उतरवला."

"तुम्ही नोकरी घालवायलाच आला आहात का?" मॅडम चिडल्या. "मला फक्त एवढंच बघायचं असतं, माणूस आपल्या नेहमीच्या पद्धतीनं काम करू शकतो का. तुमची पद्धत यंत्रात आहे, मी स्वतः तपासली आहे. त्यातली शेवटची पायरी वहिनींना दाखवायची. मी ती काढायला निघाले होते. यांनी नको म्हटलं. म्हणजे पद्धत तीच, काम तेच. आणि पेढा..." त्यांनी दुसरा उचलला. "पेढ्याबद्दल मी काय बोलणार? पिसाळ, तुम्ही रुजू झालात."

अश्विनी मटकन खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. बाळासाहेब 'अरे पाणी आणा, पाणी आणा' म्हणत स्वतःच नळाकडं पळाले. धैर्यशील मात्र अजून वहिनींकडंच बघत होता.

"वहिनी, तुम्ही आज पहिल्यांदा म्हणालात. झालं म्हणून."

"तू आज पहिल्यांदाच झाल्यावर दाखवलास. इतकी वर्षं दोन हात राखून दाखवत होतास ना रे, लबाडा?"

त्याचं तोंड खरंच बघण्यासारखं झालं. कानापर्यंत लाल. "कुणी... कुणी सांगितलं तुम्हाला?"

वहिनींनी कोपऱ्यात उभ्या असलेल्या यंत्राकडं बोट केलं. "तुझ्या रुमालानं."

आता पुसायचं काम राहिलं होतं. मॅडम पडदा जोडायला लागल्या तशा वहिनी म्हणाल्या, "थांबा जरा. शेवटचा एक घाणा त्याला करू द्या. वर्षभर राबलाय बिचारा."

रुमालानं शेवटचा घाणा भाजला. अंगठ्यानं तळवा चोळला. सगळे हसले, धैर्यशील सगळ्यांत जास्त. मग रुमालानं उलथन्यावर खवा घेतला आणि हात वहिनींकडं केला. वहिनींनी चाखलं, आणि त्याच्या पोलादी मनगटावर हात ठेवून म्हणाल्या, "अजून दोन हात मार, बाळा." त्यानं दोनदा परतला, उतरवला, आणि मॅडमनी बटण दाबलं. हात सावकाश खाली आले. खांबाला लटकलेल्या दोन नळ्या, एवढंच उरलं. वहिनींना उगाच भरून आलं. दुपारी कक्षाची गाडी येऊन ते यंत्र घेऊन गेली, कुठल्या तरी दुसऱ्या माणसाची जागा धरायला.

खांब होता तिथं वहिनींनी आपला पाट सरकवला. आता काउंटरवर डोकवायचं नाही, वेलदोडे मागच्या खोलीत सोलायचे नाहीत, सगळं इथंच. धैर्यशीलनं दुपारचा घाणा चढवला. उलथनं फिरत राहिलं. बाहेर बाळासाहेबांनी झेडपीच्या निवडणुकीचा निकाल लावला. मग उलथनं थांबलं आणि लांब झालं.

"वहिनी, बघा."

वहिनींनी चाखलं. डोळे मिटले. "अजून दोन हात मार."

धैर्यशील हलला नाही. एक डोळा बारीक करून त्यानं विचारलं, "खरं, का सवयीनं?"

वहिनींनी पुन्हा चिमूट घेतली, पुन्हा चाखली, नीट, सावकाश.

"खरं," त्या म्हणाल्या.

धैर्यशीलनं दोन हात मारले आणि कढई उतरवली.